रोग्याचा नकार



आजारी माणसाने "हो" म्हटले की घरात कोणासच काही विचारावेसे वाटत नाही. त्याने "नको" म्हटले की मात्र सारे घर गोळा होते. "माझा पाय कापू नका," "ती नळी घालू नका," "मला घरी न्या," असे एखादा वृद्ध रोगी निक्षून सांगतो. मुले एकमेकांकडे पाहतात, डॉक्टर मुलांकडे पाहतात, आणि धर्मगुरू तेथे उभा असला तर सर्वजण त्याच्याकडे पाहतात. अशा वेळी जो प्रश्न उभा राहतो तो फार जुना आहे: हा नकार खरोखर ह्या माणसाचा आहे, की त्याच्या आजाराचा? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास तरुण डॉक्टरांना कसे शिकवले जाते आणि कसे शिकवले पाहिजे, ह्याविषयी आज चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटते. कारण उद्या त्या खाटेवर आपल्यापैकीच कोणीतरी असणार आहे.

आमच्या ह्या सीमाभागातील खेड्यांत "मनाचा डॉक्टर" म्हटले की लोकांस धारवाडचे मनोरुग्णालय आठवते आणि बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. वस्तुतः मनोविकारतज्ज्ञाचे काम त्या भिंतींच्या आतच चालते असे नव्हे. कलकत्त्यात, ज्याला आज आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालय म्हणतात तेथे, डॉ. गिरींद्रशेखर बोस ह्यांनी १९३३ साली सर्वसाधारण रुग्णालयातच मनोरुग्णांसाठी विभाग सुरू केला, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ साली तसाच विभाग निघाला. आज वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हा विभाग असतोच, आणि तेथे शिकणाऱ्या निवासी डॉक्टरास दिवसाकाठी कितीतरी वेळा दुसऱ्या कक्षांतून बोलावणे येते. कोठे शस्त्रक्रियेनंतर रोगी रात्री वातात बडबडत असतो, कोठे बाळंतीण आपल्या बाळाकडे पाहत नसते, कोठे कीटकनाशक प्यालेला तरुण शुद्धीवर आलेला असतो. आणि पुष्कळदा बोलावण्याच्या कागदावर एकच ओळ असते: "रोगी उपचारास नकार देतो, निर्णय घेण्यास समर्थ आहे काय ते कळवावे."

ही ओळ दिसावयास साधी आहे, तथापि तिच्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला वैद्यकाचा: ह्या माणसाचे मन आत्ता कसे चालले आहे? दुसरा नीतीचा: त्याच्या शब्दास आपण किती मान देणे लागतो? पुष्कळ ठिकाणी ह्या दोन गोष्टी दोन वेगळ्या खोल्यांत शिकवल्या जातात. मनोविकारशास्त्र कक्षात रोग्यापाशी शिकवतात, आणि नीतिशास्त्र व्याख्यानगृहात फळ्यावर. आमचे म्हणणे इतकेच की, ती दोन्ही एकाच खाटेपाशी, एकाच दिवशी, एकाच रोग्याविषयी शिकवली गेली पाहिजेत. असे म्हणावयास आम्हांस काय आधार आहे, ते सांगतो.

आमच्या जिल्ह्यातील एका रुग्णालयात, ज्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही, महिन्यातून एक दुपार अशा शिक्षणासाठी राखलेली असते. मनोविकार विभागाचे एक प्राध्यापक, नीतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई, सहा-सात निवासी डॉक्टर, कक्षातील परिचारिका आणि समाजसेविका अशी मंडळी बसतात. रोग्यांस भेटण्यास आम्ही तेथे नेहमी जात असल्यामुळे गेली तीन वर्षे आम्हांसही बोलावणे येते. आधी रोग्याच्या संमतीने त्याच्या खाटेपाशी जाऊन त्याचे म्हणणे ऐकावयाचे आणि मगच चर्चेस बसावयाचे, असा तेथील नियम आहे.

तेथे नवीन मुलांना प्रथम चार गोष्टी शिकवतात. अमेरिकेतील पॉल ॲपलबॉम व थॉमस ग्रिसो ह्या दोघांनी १९८८ साली त्यांची स्पष्ट मांडणी केली. रोग्यास सांगितलेली माहिती समजते काय? ती आपल्यालाच लागू आहे हे त्यास पटते काय? उपचार घेतल्यास काय आणि न घेतल्यास काय, हे तो तोलून पाहू शकतो काय? आणि शेवटी, आपला निर्णय तो सांगू शकतो काय, आणि संध्याकाळी विचारले तरी तेच सांगतो काय? ह्या चारही पायऱ्या पार पडल्या तर निर्णय आपणांस रुचो वा न रुचो, तो त्या माणसाचा होय.

हे ऐकताना आम्हांस आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. घोर पाप घडण्यास पूर्ण जाण आणि पूर्ण संमती लागते, हे आपल्या गावचे दहा वर्षांचे मूलही घडघडा म्हणून दाखवते. जाण नसेल, किंवा भीतीने अथवा आजाराने इच्छा बांधली गेली असेल, तर दोष कमी होतो, असे सेमिनरीत नैतिक धर्मशास्त्राच्या तासाला आम्ही शिकलो. डॉक्टरांची ही मोजपट्टी आणि आपली ती जुनी शिकवण, दोन्ही माणसाची इच्छा मोकळी आहे की नाही हेच विचारतात. फरक इतकाच की, तेथे पापाचा निवाडा नसून पायाचा, मूत्रपिंडाचा किंवा प्राणाचा प्रश्न असतो.

आता दोन रोग्यांची हकीकत सांगतो. त्यांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील आम्ही बदलले आहेत.

पहिले एक शेतकरी आजोबा. पत्नी वारल्यानंतर तीन महिन्यांनी ते गोठ्यात घसरून पडले व खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली. परंतु त्यानंतर त्यांनी अन्न टाकले, गोळ्या थुंकू लागले, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. चर्चेत एक हुशार निवासी डॉक्टर म्हणाला, "त्यांना सगळे समजते. औषध घेतले नाही तर मरेन हे त्यांनी स्वतः सांगितले. नाही म्हणणे हा त्यांचा अधिकार आहे. सही घेऊन घरी पाठवावे." ह्या मुलाने नीतिशास्त्राची व्याख्याने मन लावून ऐकली होती, ह्यात शंका नाही. तेव्हा प्राध्यापकांनी त्यास विचारले, "औषध का नको, हे तू त्यांना विचारलेस काय?" त्याने विचारले नव्हते. मग सर्वजण पुन्हा खाटेपाशी गेले. बराच वेळ गप्प राहून आजोबा म्हणाले, "माझ्यामुळंच ती गेली. मला औषधाची लायकी नाही. माझं आतडंबी कुजून गेलंय, अन्न जाणार कुठं?"

पहिली पायरी पार पडली होती, दुसरी मात्र ढासळली होती. औषधाने इतरांस गुण येतो हे त्यांना समजत होते. तो आपल्यालाही येऊ शकतो हे पटत नव्हते. तीव्र खिन्नतेच्या विकारात माणूस असे बोलतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात अशा वेळेसाठी मार्ग घालून दिलेला आहे: रोग्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने अर्ज करावयाचा, दोघा जाणकारांनी स्वतंत्रपणे तपासावयाचे, आणि दाखल केल्यावर दर सात दिवसांनी रोग्याची निर्णयक्षमता पुन्हा पाहावयाची. येथे मुलाने प्रतिनिधी म्हणून अर्ज केला. पाचव्या आठवड्यात आजोबांनी आपण होऊन पेज मागितली. पुढे वॉकर धरून ते अंगणात येऊ लागले, आणि नातवाच्या कोमुन्यांवाला पहिल्या बाकावर बसले. "घरी पाठवावे" म्हणणारा तो डॉक्टर अधिकाराचा शब्द बरोबर शिकला होता. अधिकार वापरणारे मन पाहावयास तो त्या दिवशी शिकला.

दुसऱ्या एक आजी, वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली. सात महिने आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एस. टी.ने शहरात जावयाचे, चार तास डायलिसिसच्या यंत्राला बांधून घ्यावयाचे, आणि रात्री आडवे होऊन घरी परतावयाचे. एके दिवशी त्या म्हणाल्या, "आता पुरे." मुले घाबरली. त्यांनी डॉक्टरांस विनवले की, आईचे डोके ठिकाणावर नाही असे लिहून द्या म्हणजे आम्ही सही करू. ह्या खेपेस दुसरा एक निवासी डॉक्टर म्हणाला, "रक्तात विष साठले की मेंदूवर परिणाम होतोच. कन्नडमधून तीन प्रश्न विचारले, एकाचेही उत्तर धड आले नाही. असमर्थ लिहावे." ह्यालाही पुस्तकातील विद्या पक्की येत होती.

नीतिशास्त्राच्या बाईंनी त्यास थांबवले. आजींच्या उजव्या कानास थोडे ऐकू येते हे परिचारिकेने सांगितले. आजींना कन्नड बाजारापुरतेच येते हे आम्ही सांगितले. डायलिसिस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, उजव्या कानाशी, मराठीतून तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले. आजी म्हणाल्या, "बंद केलं तर पंधरा दिवसांत जाईन, ठाऊक आहे मला. चालू ठेवलं तर आणखी काही महिने. पण ते महिने एस. टी.त आणि त्या यंत्रापाशी जायचे. मला माझ्या माजघरात, लेकरांच्या हाताखाली जायचंय." विचारले, "दुःख होते म्हणून मरावेसे वाटते का?" त्या किंचित हसल्या. "मरावंसं कुणाला वाटतं बाळा? मरण आलंय, त्याला दारात किती दिवस उभं करू?" संध्याकाळी विचारले, दुसऱ्या दिवशी विचारले, उत्तर तेच. खिन्नतेची लक्षणे तपासली, ती नव्हती. जेवणाची चव घेत होत्या, सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करीत होत्या. कागदावर लिहिले गेले: निर्णय घेण्यास समर्थ.

थोरला मुलगा मग आमच्याकडे आला. सारे गावकरी मनात जे विचारीत होते तेच त्याने उघड विचारले. "फादर, ही आत्महत्या नव्हे ना? उद्या आमच्या आईला कोणी नावं ठेवणार नाही ना?" आम्ही त्यास सांगितले की, ख्रिस्तसभेने ह्याचा विचार फार पूर्वी केलेला आहे. पोप बारावे पायस ह्यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले की, जीव राखण्यासाठी माणसाने साधारण उपाय केलेच पाहिजेत. परंतु जे उपाय त्याच्यावर किंवा इतरांवर असाधारण भार घालतात ते करण्यास तो बांधलेला नाही. रोग्याच्या परवानगीवाचून डॉक्टरास स्वतःचा वेगळा असा अधिकार नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले. आईने मरण निवडलेले नाही. न पेलणारे ओझे खाली ठेवले आहे. रुग्णालयाने धाप लागू नये म्हणून औषधे दिली, ती कशी द्यावयाची हे सुनेला शिकवले. रोग्यांच्या अभ्यंगाचा साक्रामेंत घेऊन अकराव्या दिवशी आजी आपल्या माजघरात गेल्या.

वाचकहो, दोघांचाही शब्द एकच होता: "नको." एकाचा शब्द जशाचा तसा मानला असता तर एक माणूस अकारण दगावला असता. दुसऱ्याचा शब्द आजार म्हणून झटकला असता तर एका शहाण्या स्त्रीचे शेवटचे दिवस तिच्या इच्छेविरुद्ध यंत्रापाशी गेले असते. मनोविकारशास्त्रावाचून नीती आंधळी होते, आणि नीतीवाचून मनोविकारशास्त्र हे दुसऱ्याची सही मिळवण्याचे हत्यार होते. म्हणून ही दोन शिक्षणे वेगळी ठेवू नयेत, असे आम्ही म्हणतो.

मनाचा विकार असला की माणसाची सारी निर्णयक्षमता गेली, असेही नाही. ह्याचे एक उदाहरण त्या वर्गात नेहमी देतात. इंग्लंडमध्ये ब्रॉडमूर येथील बंदिस्त रुग्णालयात अडुसष्ट वर्षांचा एक रोगी होता. त्यास स्किझोफ्रेनिया होता. आपण एक थोर डॉक्टर होतो असा त्याचा भ्रम होता. त्याच्या पायास गँगरीन झाले. गुडघ्याखाली पाय न कापल्यास जगण्याचा संभव शंभरात पंधरा, असे शल्यविशारदाचे मत पडले. रोगी नाही म्हणाला. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९९३ साली न्यायाधीशांनी निवाडा दिला की, ह्या माणसास माहिती समजते, पटते आणि तोलता येते; भ्रम असला तरी पायाविषयीचा हा निर्णय त्याचाच आहे. पाय कापला गेला नाही, आणि इतर उपचारांवर तो वाचला. तो वाचला म्हणून निवाडा बरोबर ठरला, असे मात्र मुलांना शिकवत नाहीत. तो दगावला असता तरी निवाडा बरोबरच होता, असे शिकवतात. हा धडा गळी उतरण्यास कठीण आहे खरा.

आपल्या देशाचा कायदाही आता ह्याच वाटेने चालतो. १९१२ च्या कायद्यात मनोरुग्णास जो शब्द वापरला होता तो आज उच्चारवत नाही. पुढे १९८७ चा कायदा आला, आणि त्यानंतर २०१७ चा, जो २९ मे २०१८ पासून अमलात आहे. एखाद्याचा निर्णय इतरांस अयोग्य किंवा चुकीचा वाटला, एवढ्यावरून तो असमर्थ ठरत नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. कोणत्याही मनोरुग्णास साखळीने बांधण्यास त्यात मनाई आहे. ही मनाई का लिहावी लागली, हे आठवावयाचे असेल तर ६ ऑगस्ट २००१ चा दिवस आठवावा. तामिळनाडूतील एरवाडी येथे एका निवाऱ्यास पहाटे आग लागली, आणि साखळदंडांनी बांधलेल्या अठ्ठावीस मनोरुग्णांस पळता आले नाही. त्यांचे "सोडा" हे शब्द वेड्याचे बोल म्हणून त्याआधी कितीतरी दिवस कोणी मनावर घेतले नव्हते.

मनाच्या नव्हे तर शरीराच्या उपचाराविषयीही सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एक निकाल दिला आहे. एक प्रौढ स्त्री तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होती. शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले. रोगी सज्ञान व समर्थ असता, प्राणावर बेतलेले नसता, दुसऱ्या कोणाची सही तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालय म्हणाले. आपल्या गावी तर थोरल्या मुलाची सही म्हणजे घराची सही, असे समजतात. प्रेमाने होत असले तरी हे तपासून पाहण्यासारखे आहे.

शिक्षणात सुधारणा होत नाही असे नव्हे. २०१९ साली एम. बी. बी. एस.ला प्रवेश घेतलेल्या मुलांपासून वृत्ती, नीती आणि संवाद ह्यांचे पाठ देशभर अभ्यासक्रमात आले. बंगलोरच्या सेंट जॉन्स महाविद्यालयासारख्या संस्था तर हा विषय त्याच्या कितीतरी आधीपासून शिकवीत आल्या आहेत. इंटर्नशिपमध्ये मनोविकार विभागात दोन आठवडे काढावे लागतात. परंतु व्याख्यान ऐकून नीती येत नाही, जसे पोहण्याचे पुस्तक वाचून पोहता येत नाही. खाटेपाशी उभे राहून, ताप उतरेपर्यंत थांबून, वेदना कमी करून, चष्मा व कानाचे यंत्र लावून, रोग्याच्या भाषेत विचारून, आणि मग न घाबरता उत्तर ऐकून ती येते. त्या चर्चेत प्राध्यापक नेहमी एक गोष्ट मुलांच्या मनावर बिंबवतात. "आपल्याला नेहमी 'नाही' म्हणणाऱ्या रोग्याकडे बोलावतात. न समजता 'हो' म्हणणाऱ्याकडे कोणीच बोलावत नाही. त्याच्याकडे तुम्ही आपण होऊन जा."

आता आपल्या घरांकडे येतो. डॉक्टरांनी काय शिकावे हे सांगून आपण मोकळे होऊ नये. त्यांच्या शिक्षणाचा निम्मा भाग आपल्या वागण्यावर उभा असतो. रोग्यास आजाराचे नावच सांगू नका, असे जे कुटुंब डॉक्टरांस विनवते, ते त्या रोग्याची पहिलीच पायरी काढून घेते. न सांगितलेले समजणार कसे? म्हणून खरे सांगावे, हळूहळू, हात हातात घेऊन. म्हातारा माणूस नको म्हणाला तर "का?" असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. मनाच्या डॉक्टरास बोलावले तर तो घराण्याचा अपमान समजू नये. तो वेड शोधावयास येत नाही, माणूस शोधावयास येतो. डॉक्टरांस आपली भाषा येत नसेल तर ती येणारी परिचारिका किंवा शेजारी मागून घ्यावा. लहान नातवंडास दुभाषी करू नये. आणि धडधाकट असतानाच एखाद्या रविवारी, मिस्सेनंतरच्या चहाच्या वेळी, आपल्या माणसांस सांगून ठेवावे की, माझी वाचा गेली तर माझ्या वतीने कोणी बोलावे. मानसिक उपचारांपुरते असे सांगणे कागदावर लिहून ठेवण्याची आणि प्रतिनिधी नेमण्याची सोय २०१७ च्या कायद्यात केलेली आहे.

त्या आजींचा मुलगा मध्यंतरी भेटला. आपल्या बायकोस आणि मुलांस समोर बसवून त्याने स्वतःविषयी सर्व काही सांगून टाकले आहे. "बोलायला सुरुवात करणं तेवढं अवघड गेलं फादर," तो म्हणाला, "मग थांबवतच नव्हते पोरं, प्रश्नावर प्रश्न." आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक घरात असे प्रश्न विचारले जावोत, आणि ते माजघरात विचारले जावोत, अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून ते विचारावयास फार उशीर झालेला असतो.